उबंटू अपग्रेड निम्म्यात लटकलंय – फॉरमॅट मारू की अजून आशा आहे?

खिळेजुळारी | रविवार, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. मोबाईलवरून लिहितोय, चुका पोटात घाला.

सांगलीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल असली कामं. कामाच्या मशिनवर सहा वर्षं उबंटू (विंडोजऐवजी चालणारं फुकट लिनक्स) आहे. तत्त्व वगैरे काही नाही, विंडोजचं लायसन घ्यायचं जिवावर आलं होतं एवढंच. २२.०४ होतं. आज दुकान बंद म्हणून २४.०४ वर न्यायला घेतलं. सगळं डाऊनलोड झालं, इन्स्टॉलची पट्टी निम्म्यावर आली आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलीय हे ठाऊक होतं. दिवाळी झाली की बदलू म्हणत होतो. दिवाळी झाली.

आता मशिन चालू केलं की काळा पडदा येतो, लॉगिन मागतो. लॉगिन होतंय. 'ॲप्ट अपग्रेड' ही प्रोग्रॅम नवे करायची कमांड दिली तर काहीतरी सांगतो, पण भाषा मराठी ठेवलेली असल्यामुळे निम्मे नुसते चौकोन दिसतात. मधेमधे 'डीपीकेजी' एवढं वाचता येतं. एका व्हिडिओत बघून लॉक नावाच्या दोन फाईली उडवल्या. मग 'फिक्स-ब्रोकन' दिलं, तर साठेक पॅकेजं काढणार म्हणाला. त्यात 'उबंटू-डेस्कटॉप' दिसलं. घाबरून 'एन' दाबलं आणि चहाला गेलो.

तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची रांग लागते. गुरुवारी दोन पार्ट्यांना माल द्यायचाय. टायपिंगचं जुनं मराठी सॉफ्टवेअर वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारी सोय) चालतं आणि १५ वर्षांच्या फाईली त्यातच आहेत.

फॉरमॅट मारू का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (इथला एडिटर रोमन अक्षरं आली की ओळी उलटसुलट करतो, म्हणून कमांडीपण देवनागरीतच लिहितोय.)

पेनड्राईव्हवाला | रविवार, रात्री १०:०२

मारा फॉरमॅट. पेनड्राईव्हवरून बूट करा, होम फोल्डर बाहेर काढा, ताजं २४.०४ टाका. तासाभरात मोकळे. डिपेंडन्सी (कुठल्या पॅकेजला दुसरं कुठलं लागतं ते) सोडवत बसलात तर गुरुवार उजाडेल आणि पार्टी दारात उभी राहील. माझ्या दुकानात रोज दोन अशी मशिन्स येतात, मी एकही 'दुरुस्त' करत बसत नाही.

बिनडोकेदुखी | रविवार, रात्री १०:०५

देवनागरीत 'सुडो ॲप्ट' वाचून एखाद्या स्तोत्राची सुरुवात वाटली.

अर्धविराम | रविवार, रात्री १०:११

@बिनडोकेदुखी, फलश्रुती शेवटी असते. धीर धरा.

सुडोमावशी | रविवार, रात्री १०:३७

जुळारी, आज रात्री काही दाबू नका. फॉरमॅटचा रस्ता उद्याही मोकळाच आहे, पळून जात नाही.

पेनड्राईव्हवाल्यांच्या बोलण्यातलं अर्धं मात्र आत्ताच करा. लाईव्ह यूएसबीने बूट करून १५ वर्षांच्या फाईली आणि वाईनचं अख्खं फोल्डर (होममध्ये '.वाईन' नावाने लपलेलं असतं) बाहेरच्या डिस्कवर घ्या. ते हातात आलं की पुढे कितीही चुका करा, माझी हरकत नाही.

मग मशिनवर लॉगिन करा आणि सगळ्यात आधी ही ओळ:

एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी

याने मेसेज इंग्रजीत येतील. त्या काळ्या कन्सोलला देवनागरी काढताच येत नाही, म्हणून चौकोन. ॲप्टचं मराठी भाषांतर आहे आणि ते कुणीतरी मनापासून केलंय, पण अडचणीच्या वेळी इंग्रजी मेसेज घ्यावा. तोच जसाच्या तसा शोधला तर जगात आणखी कुणाला तसं झालंय ते सापडतं.

त्यानंतर तीन गोष्टींचे फोटो टाका, किंवा टाईप करा:
सुडो डीपीकेजी --ऑडिट
डीएफ -एच
आणि सोर्सेसच्या (पॅकेजं कुठून आणायची त्या) फायलींत 'जॅमी' म्हणजे २२.०४ लिहिलंय की 'नोबल' म्हणजे २४.०४ ते.

लॉक फाईल उडवायची नाही हो. ती कायमच असते, तिच्यावर कुलूप लागतं ते कुणीतरी काम करतंय म्हणून. बहुतेक वेळा मागे अनअटेंडेड-अपग्रेड चालू असतं, दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुटतं. तुमच्या बाबतीत लाईट गेल्यामुळे आत कुणीच नव्हतं, म्हणून बचावलात.

पेनड्राईव्हवाला | रविवार, रात्री १०:४४

मावशी आल्या. आता धागा शंभरी गाठणार.

खिळेजुळारी | सोमवार, सकाळी ७:२०

फाईली काढल्या, ३८ जीबी निघाल्या. रात्री दीड वाजला. बायको म्हणाली, एवढी काळजी हिशोबाच्या वहीची घेतली असती तर.

ऑडिटमध्ये दोन ढीग आहेत. एकावर लिहिलंय अनपॅक झालंय पण कॉन्फिगर नाही, त्यात पानंच्या पानं नावं. दुसऱ्यात चारच, 'हाफ-इन्स्टॉल्ड'. रूट डिस्क ९७ टक्के भरलीय, १.३ जीबी शिल्लक. सोर्सेसमध्ये सगळीकडे नोबल. आणखी दोन फाईली आहेत, त्यांच्यात 'डिसेबल्ड' असं काहीतरी लिहिलंय. त्या कशाच्या ते मला माहीत नाही.

इंटरनेट नाही, वायफाय दिसतच नाही.

गोठ्यातला_पेंग्विन | सोमवार, सकाळी ७:५१

९७ टक्के?? ॲप्ट क्लीन मारा आधी.

सुडोमावशी | सोमवार, सकाळी ८:१५

क्लीन आत्ता नको! जी डेब पॅकेजं रविवारी उतरवली ती अजून कॅशमध्ये आहेत आणि त्यांतलीच लागणार आहेत. जागा जर्नलमधून (सिस्टिमच्या जुन्या नोंदींतून) काढा: सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=१००एम. एक-दीड जीबी सहज सुटेल.

इंटरनेटसाठी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग लावा. वायफाय नेटवर्क-मॅनेजर सांभाळतो आणि तो बिचारा त्याच पानंच्या पानं यादीत असणार.

आता झालंय काय ते सांगते, म्हणजे भीती जाईल. डीपीकेजी हा हमाल आणि ॲप्ट हा मुकादम. कुठला माल लागतो, कशाबरोबर काय यायला हवं, कुठल्या गोदामातून आणायचं हे मुकादम ठरवतो. हमाल फक्त पोतं उचलतो, सोडतो, लावतो. एका पॅकेजच्या दोन पायऱ्या असतात. फायली जागेवर ठेवायच्या म्हणजे अनपॅक, मग त्याची लावालावीची स्क्रिप्ट चालवायची म्हणजे कॉन्फिगर. मोठ्या अपग्रेडमध्ये आधी बरीच पोती उतरवून घेतात आणि मग लावतात. तुमची लाईट नेमकी पोती उतरवून झाल्यावर गेली. माल गोदामात आहे, फक्त मांडलेला नाही.

म्हणून पहिली कमांड हमालाला:
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

ही बरंच रडेल. 'डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड' शेकड्याने येईल. ५० चुका झाल्या की डीपीकेजी 'टू मेनी एरर्स' म्हणून हात वर करतो. ते संकट नाही, ती त्याची ठरलेली मर्यादा आहे. मग मुकादमाला बोलवा:
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

'एन' दाबा, यादी वाचा, इथे सांगा. पुन्हा हमाल, पुन्हा मुकादम. दर फेरीला यादी आखडायला हवी. आखडत असेल तर आपण बरोबर चाललोय.

बिनडोकेदुखी | सोमवार, सकाळी ८:२२

आणि हमालाने संप केला तर?

अर्धविराम | सोमवार, सकाळी ८:२४

माथाडी बोर्डाकडे तक्रार.

नऊवारी_कर्नल | सोमवार, सकाळी ९:१०

त्या 'उबंटू-डेस्कटॉप'ला घाबरू नका, एवढंच सांगायला आले. ते मेटापॅकेज आहे. स्वतःत जवळजवळ काही नाही, फक्त 'माझ्यामागे हे हे यायला हवं' अशी यादी. ते निघालं म्हणून डेस्कटॉप जात नाही आणि शेवटी परत टाकता येतं. घाबरायचं तेव्हा, जेव्हा काढायच्या यादीत 'लिबसी६', 'बॅश' किंवा 'ॲप्ट' स्वतः दिसेल.

धोंडोपंत_डेबियन | सोमवार, सकाळी ९:४५

कर्नलबाई, सहमत, पण अर्धं. यादीत काय आहे ते न वाचता 'वाय' दाबणाऱ्यांचं काय होतं त्याचा नमुना जगाने पाहिलाय. नोव्हेंबर २०२१, पॉप ओएसवर (उबंटूवरूनच केलेलं लिनक्स) स्टीम हे गेमांचं दुकान टाकायला गेलेला कॅनडाचा तो प्रसिद्ध यूट्यूबर. पॅकेजमध्ये चूक होती हे खरं. पण ॲप्टने डेस्कटॉप काढतोय म्हणून बजावलं होतं आणि पुढे जायला 'येस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाईप करायला लावलं होतं. त्याने ते टाईप केलं. गेला डेस्कटॉप. लाखो लोकांनी पाहिलं. पुढे ॲप्टवाल्यांनी ती सोयच आवळली.

मुद्दा असा की ॲप्ट बोलतो. आपणच ऐकत नाही.

पेनड्राईव्हवाला | सोमवार, सकाळी १०:०३

ॲप्ट बोलतो म्हणे. सातशे ओळी बोलतो. माझं गिऱ्हाईक एक ओळ वाचत नाही.

पंचकोनी | सोमवार, सकाळी ११:३०

तुमची ही 'यादी आखडली की बरोबर' वाली गंमत वाचून जुने दिवस आठवले. अवांतर आहे, संपादकांनी माफ करावं.

१९९९-२०००च्या आसपास पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. ती मिळवायला स्टँडवर आधी सांगून ठेवायला लागायचं. रेड हॅटच्या वळणाचं लिनक्स, आरपीएम पॅकेजं. घरी इंटरनेट नाही. एक एमपी३ वाजवायचं पॅकेज हवं होतं. सायबर कॅफेत तासाला ४० रुपये देऊन उतरवलं, फ्लॉपीवर घरी आणलं. आरपीएम म्हणालं अमुक '.एसओ' फाईल हवी. पॅकेजचं नाव नाही सांगायचं, फाईलचं नाव! ती कुठल्या पॅकेजात असते ते शोधायला पुन्हा कॅफे. आणली, तर तिला आणखी दोन हव्यात. त्यांतली एक म्हणाली, मला जीलिबसी (सगळे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती लायब्ररी) नवी पाहिजे. जीलिबसी बदलली असती तर अख्खं मशिन गेलं असतं. चार रविवार आणि सात फ्लॉप्या. गाणं शेवटी टेपवरच ऐकलं.

तेव्हा डेबियनवाले (उबंटू ज्यावरून निघालं ते लिनक्स वापरणारे) मित्र ॲप्ट-गेट, ॲप्ट-गेट करून आम्हाला जळवायचे. मार्च १९९९च्या डेबियन २.१मध्ये ॲप्ट आलं होतं. आज पोरांना 'डिपेंडन्सी हेल' म्हणजे काय ते सांगून समजत नाही. हा धागा त्यांना वाचायला द्यायला हवा.

निक्सनिवासी | सोमवार, दुपारी २:४० (म्युनिकहून)

निक्सओएस या लिनक्सवर हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक पॅकेज स्वतःच्या हॅशवाल्या फोल्डरात, दोन आवृत्त्या शेजारी सुखाने नांदतात. लाईट गेली तर मागच्या जनरेशनमध्ये (बदलाआधीच्या जशाच्या तशा सिस्टिममध्ये) बूट करायचं.

गोठ्यातला_पेंग्विन | सोमवार, दुपारी २:४४

आले. कुणी आग विझवत असताना 'आमच्याकडे घरं दगडाची असतात' सांगायला.

निक्सनिवासी | सोमवार, दुपारी २:५१

ह.घ्या. हो. पण दगडाची असतात हे खरंय ना?

खिळेजुळारी | सोमवार, रात्री ९:१५

मावशी, उभं राहिलं!!

पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीनंतर काढायची यादी ६१वरून १९, मग ७, मग ३. त्या चार हाफ-इन्स्टॉल्डपैकी एकाला --रीइन्स्टॉल लावून पुन्हा टाकावं लागलं, बाकीची आपोआप लागली. शेवटी उबंटू-डेस्कटॉप परत टाकलं, रीबूट मारला आणि लॉगिनचं चित्र आलं. दुकानातल्या पोराने शिट्टी मारली.

पण आता वाईन नाही. अपग्रेडमध्ये कधीतरी निघून गेलं वाटतं. टाकायला गेलो तर (इंग्रजीत घेतलं, बघा शिकलो):

वाईन३२:आय३८६ : डिपेंड्स: लिबवाईन:आय३८६ बट इट इज नॉट गोइंग टु बी इन्स्टॉल्ड
ई: अनेबल टु करेक्ट प्रॉब्लेम्स, यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस

मी तर काहीच होल्ड केलेलं नाही. ॲप्ट-मार्क शोहोल्ड पण रिकामं आहे. मग कोण अडवतंय?

अर्धविराम | सोमवार, रात्री ९:२१

पेनड्राईव्हवाले, पाणी प्या.

पेनड्राईव्हवाला | सोमवार, रात्री ९:३०

वाईन सुरू होऊ द्या, मग बोलू. मी असतो तर कालच संध्याकाळी पत्रिका छापत असतो.

सुडोमावशी | सोमवार, रात्री १०:०५

छान काम केलंत.

'हेल्ड ब्रोकन' या शब्दांवर जाऊ नका. ॲप्टचं ते वाक्य कित्येक वर्षं लोकांची दिशाभूल करतंय. होल्ड काही नसलं तरी गणित सुटलं नाही की तेच छापतो. आता एकेक पायरी खाली उतरायचं. तो म्हणतो लिबवाईन:आय३८६ (आय३८६ म्हणजे ३२ बिटी) येणार नाही, तर तेच थेट मागा. मग तो त्याच्या खालच्याचं नाव घेईल. ते मागा. चार-पाच पायऱ्यांनंतर असं वाक्य येईल ज्यात 'अमुक आवृत्तीच हवी, पण तमुक लागलेली आहे' असे दोन आकडे असतील. तिथे चोर बसलाय. ते वाक्य आणा.

खिळेजुळारी | सोमवार, रात्री ११:३२

मधल्या पायऱ्या सोडतो. तळाला हे निघालं: लिबजीएल१-मेसा-डीआरआय:आय३८६ ला मेसा-लिबगॅलियम:आय३८६ ची २५.०.७ आवृत्ती हवीय, बरोबर तीच. मग ॲप्ट-कॅश पॉलिसी मेसा-लिबगॅलियम दिलं तर 'इन्स्टॉल्ड'समोर २५.२ आणि पुढे एक लांबलचक शेपूट, त्यात उबंटूचं नावच नाही. समोर फक्त १०० आकडा आणि /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस. दुसरीकडून कुठूनच येत नाही म्हणतो.

मेसा म्हणजे काय ते मला आज कळलं. ग्राफिक्स. मी पत्रिका छापतो हो.

सुडोमावशी | मंगळवार, सकाळी ७:०५

चोर सापडला.

तुमच्या मशिनवर कधीतरी कुणीतरी नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी पीपीए (उबंटूबाहेरच्या कुणाचं तरी खाजगी गोदाम) जोडला. त्याने उबंटूपेक्षा मोठ्या आकड्याचा मेसा टाकला. अपग्रेड सुरू करताना उबंटूने तिसऱ्या पक्षाचे सगळे सोर्स बंद केले (त्याच तुमच्या 'डिसेबल्ड' फाईली), पण टाकलेली पॅकेजं तशीच राहिली. आकडा मोठा आहे आणि ॲप्ट आपणहून कधी खाली उतरत नाही.

वाईन३२ ला ३२ बिटांचा मेसा लागतो. तो उबंटूकडून २५.०.७ च मिळणार. आणि एकाच लायब्ररीची ६४ बिट आणि ३२ बिट भावंडं एकत्र नांदायची तर दोघांची आवृत्ती तंतोतंत एक लागते. थोरला २५.२, धाकटा २५.०.७. जमत नाही, म्हणून धाकट्याला घरात घेत नाही, म्हणून वाईन येत नाही.

उपाय: थोरल्याला खाली आणायचं. पीपीए चालू असता तर पीपीए-पर्ज नावाची सोय होती, पण ती वेळ अपग्रेडच्या आधीची. आता पिन करा. /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये एक फाईल, तीन ओळी:

पॅकेज: *
पिन: रिलीज ओ=उबंटू
पिन-प्रायॉरिटी: १००१

(फाईलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. कृपा करा.)

प्रायॉरिटी हजाराच्या वर गेली की ॲप्टला खाली उतरायची परवानगी मिळते. मग सुडो ॲप्ट अपडेट, आणि आधी नुसता सराव: ॲप्ट -एस फुल-अपग्रेड. 'डाऊनग्रेडेड' यादीत मेसा, डीआरएम, एलएलव्हीएमची मंडळी दिसतील. दुसरं काही भलतं दिसलं तर थांबा. नीट दिसलं तर -एस काढून चालवा. झालं की ती फाईल डिलीट करा, विसरू नका. कायमची ठेवलीत तर सहा महिन्यांनी नवा धागा काढाल.

आणि झाल्यावर ॲप्ट लिस्ट '~ओ' करून बघा. कुठल्याच सोर्समध्ये नसलेली अनाथ पॅकेजं त्यात दिसतात.

नऊवारी_कर्नल | मंगळवार, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. एक जोड: नोबलमध्ये बऱ्याच लायब्रऱ्यांच्या नावामागे 'टी६४' लागलंय, ते बघूनही लोक गडबडतात. 'लिबअसाऊंड२' मागितलं की ते नावापुरतं पॅकेज आहे, लिबअसाऊंड२टी६४ घ्या म्हणतो. ३२ बिटी वेळेचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार, त्यासाठी वेळ ६४ बिटांत न्यायचं काम डेबियन-उबंटूने २०२४च्या सुरुवातीला केलं आणि नावं बदलली. गंमत म्हणजे आपल्या ६४ बिटी मशिनवर वेळ आधीपासूनच ६४ बिटी आहे. नाव मात्र आपल्याही पॅकेजांचं बदललं. बाहेरून उतरवलेली जुनी डेब फाईल टाकताना 'डिपेंडन्सी नॉट सॅटिस्फायेबल' आलं तर हे आठवा.

लेकुरवाळी_लूप | मंगळवार, सकाळी १०:१०

चोर कसा पकडायचा ते वाचून माझं पाप कबूल करते. कामासाठी नवा पायथन हवा होता. पीपीएवरून घेतला, इथवर ठीक. मग शहाणपणा सुचला आणि /यूएसआर/बिन/पायथन३ हेच नाव नव्याकडे वळवलं. त्या दिवशी काही नाही झालं. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडेना. ॲप्ट अपडेटच्या शेवटी 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी'. अपग्रेडर तर सुरूच होईना.

सिस्टिमच्या कितीतरी गोष्टी त्याच पायथन३ वर चालतात आणि त्यांची मॉड्यूल्स फक्त त्या आवृत्तीसाठी बांधलेली असतात, हे मला दोन दिवसांनी समजलं. लिंक परत वळवली आणि सगळं जिवंत. तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हीएन्व्ह (पायथनची स्वतंत्र खोली). डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेजं टाकणारा) स्वतःच 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतो, ते फार बरं केलं. लोक शिव्या देतात, मी नाही देत.

गोठ्यातला_पेंग्विन | मंगळवार, सकाळी १०:४०

मूळ प्रश्न वेगळाच आहे माझा. २२.०४ ला २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. चालत्या गाडीचं इंजिन कशाला उघडायचं, तेही सीझनच्या तोंडावर?

धोंडोपंत_डेबियन | मंगळवार, सकाळी ११:१५

अगदी. नवं ते चांगलं हा भ्रम आहे. मार्च २०२४ मधलं एक्सझेड (फाईली दाबून लहान करणारं साधन) प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत चोरदरवाजा. एसएसएच (दुसऱ्या मशिनवरून केलेल्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून एका पोस्टग्रेसवाल्या इंजिनिअरने खणलं आणि सापडलं. टेस्टिंग आणि सिड या डेबियनच्या कच्च्या आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या मशिनवर ते पोचलं होतं, आम्ही स्टेबलवाले गाढ झोपेत होतो.

आर्चीबाल्ड | मंगळवार, सकाळी ११:२२

आणि जुन्या आवृत्तीत जी भोकं असतात त्यांचं काय, पंत? आर्च लिनक्सवर रोज थोडं थोडं अपग्रेड होतं. रविवार राखून ठेवावा लागत नाही. नियम एकच, अर्धवट अपग्रेड करायचं नाही. '-एसवाय' मारून एकच पॅकेज टाकलं की गेलात.

धोंडोपंत_डेबियन | मंगळवार, सकाळी ११:३०

म्हणजे रोज थोडं थोडं घाबरायचं. आमचं दोन वर्षांतून एकदा. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सीत (डेबियन १३) ॲप्ट ३.० आहे. रंगीत यादी, नावं रकान्यांत, काढायचं ते लाल अक्षरांत आणि वेगळं. पेनड्राईव्हवाल्यांच्या गिऱ्हाइकालाही दिसेल.

लेकुरवाळी_लूप | मंगळवार, दुपारी १२:०५

बादवे, हे डिपेंडन्सी सोडवणं गणिती दृष्ट्या एनपी-कंप्लीट आहे, म्हणजे झटपट सोडवायची खात्रीची रीत कुणाला सापडलेली नाही. सुडोकूच्या खानदानातलं. त्यामुळे ॲप्ट चुकला तर जरा दया दाखवा.

बिनडोकेदुखी | मंगळवार, दुपारी १२:०९

ॲप्टने कधीच चूक केली नाही. 'ॲप्ट मू' टाईप करून बघा, गाय येते. गायीला चुकीचं म्हणू नये.

फाँटफकीर | मंगळवार, दुपारी ३:३०

जुळारी, कडू बोलतो. तुमचा खरा डिपेंडन्सी प्रॉब्लेम मेसा नाही, ते १५ वर्षांचं टायपिंग सॉफ्टवेअर आहे. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधल्या फाईली, ३२ बिटी प्रोग्रॅम, त्यासाठी वाईन, त्यासाठी आय३८६. ही उतरंड एक दिवस खालून निसटणारच. युनिकोडमध्ये या. इंकस्केप, स्क्रायबस, मुक्ता, बालू, सगळं फुकट.

खिळेजुळारी | मंगळवार, रात्री ८:०२

फकीरबाबा, कळतंय हो. पण गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'थोरल्याच्या लग्नाची होती तशीच पाहिजे, फक्त नावं बदला.' थोरल्याचं लग्न २०११ चं. तो बोरूचा टाक, ती गणपतीची बॉर्डर, 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न'चा तो वळणदार फाँट युनिकोडमध्ये मला अजून मिळाला नाही. कन्व्हर्टर लावला तर रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. 'सौ. पूर्वा'चं काय झालं ते लिहीत नाही. मुलीच्या बापाने पत्रिका तोंडावर फेकली असती.

नवी कामं युनिकोडमध्ये करतोय दोन वर्षं. जुन्यांसाठी वाईन हवंच.

फाँटफकीर | मंगळवार, रात्री ८:२०

रफाराचं दुःख मान्य. शब्द मागे घेतो. निम्मे.

पंचकोनी | मंगळवार, रात्री ८:४१

मग ते जुनं विंडोज व्हर्च्युअल मशिनमध्ये टाकून द्या ना. बाहेर काहीही अपग्रेड होवो, आत २००९ च राहील. माझा टॅलीचा जुना डेटा असाच जपलाय.

खिळेजुळारी | बुधवार, दुपारी १:१०

मंडळी, वाईन उघडलं. पत्रिका मशिनवर चढलीय.

सरावात २३ डाऊनग्रेड दाखवले, सगळी मेसाच्या भावकीतली. चालवलं, पिनची फाईल उडवली, वाईन गुमान आलं. '~ओ'मध्ये जुनी ११ निघाली, ती सावकाश बघतो.

पण पीपीए कुणी टाकला ते डोक्यातून जाईना. मावशींनी खाजगी निरोपात सांगितलं की /व्हार/लॉग/ॲप्ट मधलं हिस्टरी.लॉग वाचा, जुने महिने जीझेडमध्ये असतात, ते झेडकॅटने उघडा. उघडले. मेसा पहिल्यांदा बदलला २६ मे ला, रात्री १ वाजून १२ मिनिटांनी. खाली 'रिक्वेस्टेड-बाय' म्हणून माझंच युजरनेम.

सुडोमावशी | बुधवार, दुपारी १:३५

रात्री सव्वाला तुमचा छापखाना चालू असतो का?

खिळेजुळारी | बुधवार, दुपारी १:४१

नसतो. पण मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता आणि दुकानातच झोपायचा, कूलर आहे म्हणून. पासवर्ड मीच दिला होता, पिक्चर बघायला.

पेनड्राईव्हवाला | बुधवार, दुपारी २:००

अभिनंदन जुळारी. रविवार ते बुधवार. मी तासाभरात केलं असतं हे अजूनही म्हणणार. फक्त वाईनमधलं लायसन पुन्हा कुठून आणलं असतं, हे मात्र रात्री झोपताना आठवलं. ते सॉफ्टवेअर आता विकत मिळतं का?

खिळेजुळारी | बुधवार, दुपारी २:०६

नाही. कंपनीच बंद झाली.

पेनड्राईव्हवाला | बुधवार, दुपारी २:०८

मग बरं झालं माझं ऐकलं नाहीत.

एफपीएस_६० | बुधवार, रात्री ११:५० (नवीन सदस्य)

मामा मीच. गेम २० एफपीएसवर (सेकंदाला २० चित्रं) चालत होता, पीपीए टाकल्यावर ४५ झाला. सांगायचं राहिलं. सॉरी. मावशी, एक विचारू? आता माझ्या लॅपटॉपवर पण 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' येतंय.

सुडोमावशी | गुरुवार, सकाळी ६:५५

वेगळा धागा काढ. आणि आधी मामाला यूपीएसची बॅटरी आणून दे.